पैलतीरावरून काढलेले चित्र

मराठी प्रवासवर्णनांचा मुरलेला वाचक नायगाऱ्याशी येऊन पोहोचला की दोन पाने उलटून पुढे सरकतो, असे आमचे निरीक्षण आहे. त्यात त्याचा दोष नाही. 'विराट', 'रौद्र', 'अथांग', 'शब्दातीत' ही विशेषणे पहिल्याच दमात खर्ची पडतात आणि मग त्या शब्दातीताविषयीचे दीड पान वाचायचे शिल्लक राहते. या मजकुरात आम्ही आणखी भर घालावी असे काही नाही. तरीही लिहितो आहोत, कारण आम्हांला धबधब्याविषयी फारसे सांगायचेच नाही. तो कोठून दिसतो, एवढ्यापुरतेच आमचे म्हणणे आहे.

गोष्ट अण्णांपासून सुरू होते. अण्णा म्हणजे आमच्यातल्या एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. 'आम्ही' या सर्वनामाची येथे एवढी फोड पुरे. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. नदीचे कार्य हा पाठ आला की ते फळ्यावर रंगीत खडूंनी नायगारा काढत. वर कठीण डोलोमाइटचा थर, त्याच्याखाली मऊ शेलचा, मऊ थर पाण्याच्या माराने आतून पोखरला जातो, मग वरचा कठीण खडक आधार सुटून कोसळतो आणि धबधबा मागे मागे सरकत जातो. सुमारे बारा हजार वर्षांत तो असा अकरा किलोमीटर मागे आला आहे आणि मागे राहिलेली वाट म्हणजेच ती घळई. हे सारे ते ज्या चित्रावरून शिकवत, ते एका जुन्या पुस्तकातले कृष्णधवल छायाचित्र होते. डावीकडे अमेरिकन धबधब्याचा सरळ पडदा, मध्ये बेटाचा काळा तुकडा, उजवीकडे घोड्याच्या नालेसारखी वळलेली मोठी धार. एकतीस वर्षे अण्णांनी नायगारा असा समोरून पाहिला, आणि त्यांच्यामागे बसलेल्या मुलांनीही.

ते छायाचित्र कॅनडातून काढलेले होते. ही गोष्ट अण्णांना ठाऊक असणारच. आम्हांला ती कळली २००६ च्या जूनमध्ये, आणि तेव्हा उशीर झाला होता.

त्या वर्षी आम्ही न्यू जर्सीत होतो. अण्णा आणि माई तीन महिन्यांसाठी आले होते. 'नायगारा दाखवा, बाकी काही नाही दाखवलेत तरी चालेल', एवढीच त्यांची मागणी. कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल हे आम्हांला माहीत होते. त्यासाठी बँकेची कागदपत्रे, निमंत्रणाचे पत्र, छायाचित्रे, अण्णांच्या निवृत्तिवेतनाचा दाखला असे बरेच काही लागणार होते. आम्ही अर्ज उतरवून घेतले, मेजाच्या खणात ठेवले आणि कामाच्या धबडग्यात तीन आठवडे तेथेच राहू दिले. मग एकमेकांची समजूत घातली की धबधबा एकच, काठ दोन. या काठावरून पाहिला काय आणि त्या काठावरून पाहिला काय. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी दृष्टिकोन या विषयावर इतके वाचलेले असताना असे म्हणावे, याची लाज आज वाटते. असो.

सकाळी सहाला निघून, वाटेत दोन ठिकाणी थांबत, दुपार कलल्यावर आम्ही बफेलो ओलांडले. नायगारा फॉल्स नावाचे गाव दोन्ही देशांत आहे. अमेरिकेतले गाव ओसाडसे आहे, बंद पडलेले कारखाने आणि रिकाम्या इमारती यांच्यामधून गाडी जाते. मात्र धबधब्याच्या जवळ आलो की एकदम मसाल्याचा वास येतो. छोले, डोसे, चहा यांची दुकाने ओळीने लागतात आणि वाहनतळावर गुजराती, तेलुगू, मराठी कानांवर पडते. माईंनी तेथे पहिल्यांदा हातपाय सैल सोडले. धबधब्याच्या काठची बाग सार्वजनिक आहे, प्रवेशाला तिकीट नाही. एकोणिसाव्या शतकात हा काठ खाजगी मालकांच्या ताब्यात होता आणि कुंपणातल्या भोकातून डोकावण्याचेही पैसे पडत. त्याविरुद्ध चळवळ झाली आणि १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ही जागा विकत घेऊन सर्वांना खुली केली. पाहण्याच्या हक्कासाठी माणसे भांडली, ही गोष्ट आम्हांला तेव्हा फार आवडली होती.

आता जागेची रचना सांगायला हवी, कारण सारे दुःख रचनेत आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पूर्वेच्या काठावर अमेरिका, पश्चिमेच्या काठावर कॅनडा. अमेरिकन धबधबा आणि त्याला लागून असलेली ब्रायडल व्हेल नावाची लहान धार हे दोन्ही अमेरिकेत आहेत, पण दोघांची तोंडे कॅनडाकडे. हॉर्सशू हा मोठा धबधबा, सत्तावन मीटर उंच, बहुतांशी कॅनडात. त्याचे एक टोक तेवढे अमेरिकेच्या गोट बेटाला टेकते. म्हणजे अमेरिकेच्या काठावर उभा राहणारा माणूस धबधब्याच्या माथ्यावर किंवा बगलेला असतो. प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या कठड्यापाशी आपल्या पायांजवळून पाणी खाली झेपावते, हात लांब केला तर भिजेल इतके जवळ. गोट बेटाच्या टोकाशी, टेरापिन पॉइंटवर, हॉर्सशूची हिरवी कड आपल्या डोळ्यांसमोर वळते आणि नाहीशी होते. तिच्या पलीकडे फक्त धुके. जवळीक एवढी की पूर्ण आकार कधीच दिसत नाही.

अण्णा टेरापिन पॉइंटवर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "पाणी आहे. धबधबा कुठे आहे?"

आम्ही त्यांना मनोऱ्यावर नेले. प्रॉस्पेक्ट पॉइंटपाशी १९६१ मध्ये एक निरीक्षण-मनोरा बांधलेला आहे. घळईच्या तळातून तो उभा राहतो आणि काठापासून त्याच्यापर्यंत एक सज्जा पुलासारखा पाण्यावर जातो. पुलासारखा, पण पूल नव्हे, अर्ध्यातच संपतो. त्याच्या टोकाशी गेले की मागे वळून अमेरिकन धबधबा तिरका दिसतो आणि दूर डावीकडे हॉर्सशूचा धूर. ज्याला पलीकडे जाता येत नाही त्याच्यासाठी केलेली ही सोय, असे आम्हांला वाटले. अण्णा कठड्याला टेकून समोरच्या काठाकडे पाहत होते. तिकडे उंच हॉटेले, बागेचा लांब पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या कठड्याशी मुंग्यांसारखी माणसे.

"पुस्तकातला फोटो तिथून काढलाय," ते म्हणाले. "ते झाड नसेल आता. पण जागा तीच."

माई म्हणाल्या, "अहो, एवढं जवळून दिसतंय ते काय कमी आहे? तिकडच्या लोकांना अंगावर पाणी तरी उडतंय का?" अण्णा हसले. त्यांनी आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. (माईंचा युक्तिवादही खरा नव्हता. कॅनडाच्या बाजूला टेबल रॉक नावाची जागा हॉर्सशूच्या अगदी कडेला आहे आणि तेथे माणसे चिंब होतात. म्हणजे त्या काठाला समोरूनही मिळते आणि जवळूनही. भूगोल न्यायी नसतो.)

पाहण्याआधीच पाहिलेले असणे, ही नायगाऱ्याची जुनी व्याधी आहे. मार्गारेट फुलर ही अमेरिकन लेखिका १८४३ मध्ये येथे आली तेव्हा तिची तक्रार हीच होती की चित्रांमुळे कोठे काय दिसणार हे तिला आधीच ठाऊक होते, आणि सारे अपेक्षेबरहुकूम जेथल्या तेथे निघाले. तिच्या पुस्तकात एक माणूस येतो, धबधबा न्याहाळतो, याचा आपल्याला काय उपयोग याचा जणू विचार करतो आणि त्यात थुंकून निघून जातो. आदल्याच वर्षी डिकन्स येऊन गेला होता. तो कॅनडाच्या काठावर गेला आणि मुक्कामभर पुन्हा नदी ओलांडून आलाच नाही. पलीकडच्या काठावर माणसे आहेत हे त्याला पुरेसे कारण वाटले. फुलरला चित्राप्रमाणे सारे सापडले म्हणून खंत, अण्णांना चित्राची जागा समोर दिसत असून तेथे जाता येईना म्हणून. कोणाची निराशा अधिक साहित्यिक, हे ठरवणे आमच्या आवाक्यातले नाही. डिकन्सचा मात्र आम्हांला त्या दिवशी थोडा राग आला.

मनोऱ्यावरून उत्तरेला रेनबो पूल दिसतो. १९४१ चा, पोलादी कमानीचा, दोन्ही काठांना जोडणारा. पायी दहा मिनिटांचे अंतर. पुलाच्या मध्यावर दोन देशांचे झेंडे आहेत आणि सीमेची पाटी आहे. तेथपर्यंत चालत जाऊन परत यावे, असा विचार आमच्या मनात आला. पण परतणाऱ्याची अमेरिकेच्या नाक्यावर पुन्हा तपासणी होते. अण्णांच्या पारपत्रावरच्या शिक्क्याचा उद्या काही घोळ झाला तर, या भीतीने आमचे पाय तेथेच थांबले.

या घळईला पहिला धागा पडला तो पतंगाने. १८४८ मध्ये झुलता पूल बांधायचा होता आणि पहिली दोरी पलीकडे न्यायची कशी हा प्रश्न होता, म्हणून पतंग उडवण्याची स्पर्धा लावली गेली. ती होमन वॉल्श नावाच्या अमेरिकन पोराने जिंकली. वारा अनुकूल म्हणून तो होडीने कॅनडाच्या काठावर गेला आणि तेथून पतंग उडवला. पण नदीत बर्फ दाटल्यामुळे त्याला कित्येक दिवस घरी परतता येईना. पुढे त्याच जागी १८५५ मध्ये रोबलिंगने आगगाडीचा झुलता पूल उभारला. हिवाळ्यात धबधब्याखाली बर्फाचा पूलही आपसूक तयार होई आणि हजारो लोक त्यावरून फिरत. त्यावर झोपड्या टाकून दारूसुद्धा विकली जाई. दोन्ही देशांमधली ती एकमेव बिनभिंतीची जागा १९१२ च्या फेब्रुवारीत तिघे जण बर्फ फुटून वाहून गेल्यावर कायमची बंद झाली.

रोबलिंगच्या त्या पुलाची एक हकीकत आम्ही विसरू शकत नाही. गुलामगिरीतून पळालेल्यांना उत्तरेकडे पोहोचवणारी हॅरिएट टबमन १८५६ मध्ये काही जणांना घेऊन आगगाडीने त्यावरून कॅनडात गेली. त्यांत जो नावाचा एक माणूस होता. त्याला पकडून देणाऱ्यासाठी मोठे बक्षीस लावलेले होते. गाडी पुलावर आली. खिडकीतून दूरवर धबधबा दिसत होता. हॅरिएटने बाकीच्यांना बोलावून दाखवला, जोलाही पुन्हा पुन्हा हाका मारल्या. तो डोके हातांत धरून बसून राहिला, त्याने मान वर केली नाही. पुलाचा मध्य ओलांडल्यावर तिने त्याला गदागदा हलवून सांगितले की तू आता सीमेपलीकडे आहेस. तेव्हा कोठे तो उठला आणि मोठ्याने गाऊ लागला. टबमनच्या चरित्रात ही हकीकत आहे. तिच्याशेजारी आमची व्हिसाची रड ठेवणे अशोभनीय आहे, याची आम्हांला जाणीव आहे. ठेवतो ते एवढ्यासाठीच की 'धबधबा पाहणे' हे क्रियापद वाटते तितके सरळ नाही.

त्याच्या दुसऱ्या टोकाला डोंबाऱ्याचा खेळ. १८५९ मध्ये ब्लाँदँ घळईवर बांधलेल्या दोरावरून अमेरिकेतून कॅनडात चालत गेला. पुढे एकदा तर आपल्या व्यवस्थापकाला पाठुंगळी घेऊन. २०१२ मध्ये निक वॉलेंडा थेट हॉर्सशूच्या कडेवरून तारेवर चालत गेला. कॅनडाच्या काठावर पाऊल ठेवताच अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पारपत्र मागितले आणि त्याने ते खिशातून काढून दिले. ही बातमी वाचून अण्णा खूप हसले असते.

मनोऱ्यातूनच उद्वाहक खाली नौकेच्या धक्क्यावर उतरतो. 'मेड ऑफ द मिस्ट' हे नौकांचे नाव १८४६ पासूनचे. प्रत्येकाला एक निळा पातळ रेनकोट मिळतो. माईंनी तो नऊवारीवर चढवला आणि टोपीची दोरी हनुवटीखाली घट्ट बांधली. नौका अमेरिकन धबधब्याच्या पायथ्याच्या दगडांसमोरून जाते. वरून न दिसणारे ते दगड खालून भिंतीसारखे दिसतात. १९६९ मध्ये अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी हा धबधबा बांध घालून काही महिने चक्क बंद केला होता, हे दगड काढता येतील का ते पाहण्यासाठी. शेवटी ते राहू द्यायचे ठरले आणि पाणी पुन्हा सोडले गेले. हे अण्णा आम्हांला ओरडून सांगत होते आणि निम्मे शब्द पाण्यात जात होते.

मग नौका हॉर्सशूच्या नालेत शिरली. तिन्ही बाजूंनी पाणी, वर आकाशाचा तुकडा, आणि यंत्र पूर्ण ताकदीने चालू असूनही नौका जागच्या जागी. अण्णांनी चष्मा काढून खिशात टाकला. मागच्या मनोऱ्याकडे, मग उजवीकडे गोट बेटाच्या कड्याकडे पाहिले आणि पोरांना नकाशावर रेघ दाखवावी तसा हात आडवा फिरवला. "रेषा मागे राहिली," ते म्हणाले. "हे पाणी कॅनडाचं."

खरेच होते. नालेचे कुंड बहुतेक कॅनडाच्या हद्दीत आहे आणि अमेरिकेतून सुटणारी नौका त्यात जाऊन येते. कोणी काही विचारत नाही. सहा-सात मिनिटे आम्ही चौघेही विनाव्हिसा कॅनडात होतो. समोरून धबधबा दिसावा ही त्यांची इच्छा मात्र तेथेही पुरी झाली नाही. तेथे काहीच दिसत नव्हते, चष्म्याशिवाय तर नाहीच.

रात्री त्यांनी आणखी एक हट्ट धरला. दोन्ही देशांमध्ये १९५० चा करार आहे: प्रवाशांच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून पडू द्यायचे, रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मे, उरलेले दोन्ही काठांच्या वीजकेंद्रांना. जूनमध्ये रात्री दहाला पाणी कमी करायची मुभा सुरू होते. अण्णांना ते कमी होताना पाहायचे होते. माई गाडीत झोपल्या. आम्ही तिघे कठड्याशी उभे. कॅनडाकडून सोडलेले रंगीत झोत पाण्यावर फिरत होते, जांभळे, हिरवे, मग तिरंगी वाटावे असे काहीतरी. दहा वाजले, सव्वादहा झाले, साडेदहा. पाणी तसेच. अण्णा घड्याळ पाहत, मग पाणी पाहत. "कमी होत असणार," ते म्हणाले, "पण आपल्याला कळायचं नाही." एवढ्या विराट गोष्टीचा नळ कोठेतरी दोन देशांच्या कचेरीत आहे, ही कल्पना त्यांना फार आवडली होती. परतीच्या वाटेवर ते तिच्याचविषयी बोलत होते आणि आम्ही खणातल्या अर्जांविषयी बोललो नाही.

अण्णा २०११ मध्ये गेले. २०१४ मध्ये आम्ही टोरोंटोजवळ राहायला आलो आणि २०१८ च्या उन्हाळ्यात माई आल्या, कॅनडाचा व्हिसा घेऊन. या वेळी अर्ज आम्ही पहिल्याच आठवड्यात पाठवले होते.

टोरोंटोहून रस्ता दीड-दोन तासांचा. येथले गाव अमेरिकेतल्यासारखे ओसाड नाही, उलट भयंकर गजबजलेले; मेणाचे पुतळे, भुताचे बंगले, जुगाराचे अड्डे. गाडी वरच ठेवून आम्ही तिरक्या रुळांच्या छोट्या गाडीने टेबल रॉकपाशी उतरलो आणि पुढे बसने फिरलो, कारण माईंच्या गुडघ्यांना चढउतार सोसत नाही. खाली भोवऱ्यावर स्पॅनिश अभियंता तोर्रेस केवेदो याने १९१६ मध्ये बांधलेला तारेवरचा पाळणा आहे. त्याची दोन्ही टोके कॅनडात, पण नदीच्या वळणामुळे जाता-येता तो चार वेळा सीमा ओलांडतो. माईंना हे सांगितले तर म्हणाल्या, "ह्यांना आधी सांगायला हवं होतं." त्यात बसायला मात्र नकार दिला.

मग बागेच्या कठड्यापाशी आलो. आणि होते ते सगळे तसेच होते: डावीकडे सरळ पडदा, मध्ये बेट, उजवीकडे नाल. अण्णांच्या फळ्यावर होते तसे. सुंदर होते, हे लिहायला हवे. खाली दोन नौका धुक्यात शिरत होत्या. २०१४ पासून कॅनडाच्या नौका वेगळ्या कंपनीच्या आहेत आणि त्यांचे रेनकोट लाल. अमेरिकेकडचे अजून निळे. एका नौकेवर लाल ठिपक्यांची गर्दी, दुसरीवर निळ्या.

आम्ही छायाचित्रे काढत होतो. माईंनी काही वेळाने विचारले, "गं, आपण तेव्हा कुठे उभे होतो?"

आम्ही समोर बोट दाखवले. अमेरिकन धबधब्याच्या डावीकडे, पाण्यावर निघालेला आणि मध्येच संपलेला तो सज्जा. त्याच्या टोकाशी दहा-पंधरा माणसे होती. इतक्या लांबून कोण काय करते ते दिसत नव्हते, पण सगळी इकडेच तोंड करून होती. माईंनी कपाळावर आडवा हात धरला. आम्ही जवळच्या गाडीवर चहा आणायला गेलो, रांग मोठी होती, परत आलो तरी त्यांचा हात तसाच होता आणि त्या धबधब्याकडे पाहत नव्हत्या.